दोन रेघांच्या मधोमध

५ जानेवारी

धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण चाळीस वर्षं छापखान्यात कटिंग मशीनशेजारी उभं राहून माझे कान आता शोभेपुरते उरलेत. तू बोलत राहतेस आणि मी नुसता 'हो हो' करत राहतो, हे तुलाही एव्हाना कळलं असेल. शिवाय जे विचारायचं आहे ते चित्र काढूनच सांगावं लागेल.

चिऊच्या लग्नाची तारीख तुला तिने कळवलीच आहे. बावीस फेब्रुवारी. काल मी हॉलवाल्याकडून सजावटीचे फोटो आणले. प्लॅस्टिकची फुलं, झगमगते पडदे. माझ्या मुलीने ते न बघताच बाजूला सारले आणि म्हणाली, "बाबा, या बिल्डिंगमध्ये कुणाचंही काही चांगलं झालं की आईच्या कागदाच्या माळा लागायच्या. तळमजल्यावरचा कुत्रा हरवून सापडला तेव्हासुद्धा लागल्या होत्या. मग माझ्याच लग्नात का नाहीत?"

मी म्हणालो, "करू की."

तोंडातून गेलं ते गेलं. तुझी ताई जाऊन तीन वर्षं झाली आणि घरात तिच्या हातचं चिटोरंही शिल्लक नाही. समारंभ संपला की आलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक वस्तू देऊन मोकळी व्हायची ती. मी छापखान्यातून कागदाची कातरणं आणून द्यायचो, तेवढाच माझा वाटा. ती काय करते ते मी कधी मान वर करून बघितलं नाही. आता त्याची लाज वाटते, पण लाजून माळा होत नाहीत.

तुम्ही दोघी लहानपणापासून हे एकत्र करत आलात. तेव्हा आता तू मला शिकव. मला कात्री धरता येते आणि माझं माप चुकत नाही. बाकी सगळा आनंद आहे. हॉल साठ फूट बाय तीस आहे, खिडक्या दहा, छताला चार तुळया.

एक लक्षात ठेव. चिऊला नुसतं कागदाचं नको आहे. तिला तिच्या आईचं हवं आहे.

तुझा भाऊजी


११ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की आमचे दातांचे डॉक्टर दवाखान्यातून उठून आले. बायकोला काय झालं म्हणून नव्हे, तर खुर्चीत तोंड उघडून बसलेला माणूस घाबरला म्हणून. मी म्हटलं, ताईचे मिस्टर कागदाची चक्रं करणार आहेत. तर हे म्हणतात, "ते चहाचा कप तरी विसळतात का?" मी म्हटलं, रोज विसळतात. माहेरच्या माणसांची बाजू घ्यावी लागते.

शिकवते की! त्यात काय मोठंसं? पण माझ्या अटी ऐका. एका पत्रात एकच प्रकार. तो जमल्याशिवाय पुढचा विचारायचा नाही. आणि 'असं का, तसं का' अजिबात नाही. ताईने मला कधी कारणं सांगितली नाहीत, मीही सांगणार नाही.

पहिला धडा, चक्र. हातभर लांब आणि चार बोटं रुंद अशी पट्टी घ्या. तिच्या आडव्या चुण्या घालायच्या, एकदा पुढे, एकदा मागे, करंगळीच्या नखाएवढ्या. सगळ्या सारख्या. मग एका कडेने सुई-दोरा ओवायचा, दोन्ही टोकं चिकटवायची, दोरा ओढायचा आणि तळहाताने वरून दाबायचं. पट्टीचं चक्र होतं. मधे एक रुपयाएवढी टिकली लावली की कुणाला दोरा दिसत नाही.

सोबत एक नमुना पाठवतेय. कालच केला. चिमटून बघू नका, नाजूक आहे.

तुमची धाकटी


१७ जानेवारी

धाकटे,

नमुना पोचला. जपून ठेवला आहे.

माझी पहिली सात चक्रं घड्यांवर तडकली. मी कागदाला दोष दिला, मग सुईला, मग तुला. नाचता येईना, अंगण वाकडं. मग नमुना खिडकीशी नेऊन बघितला. कागदाला एक कल असतो. गिरणीत ज्या दिशेने तो वाहत येतो त्या दिशेने घडी घातली तर ती सुरेख बसते, विरुद्ध घातली तर कागद कुरकुरतो आणि तुटतो. छापखान्यातल्या नव्या माणसाला हे आम्ही पहिल्या दिवशी सांगतो. तुझ्या ताईने छापखान्यात पाऊलही ठेवलं नव्हतं. तरी बावन्न चुण्यांतली एकही कलाच्या विरुद्ध नाही. मी मोजल्या. कातरणाचा एवढासा तुकडा हातात आल्यावर तिला कल कसा कळत असेल? ओठाला लावून बघत असेल का? ती कागद तोंडाजवळ नेताना मला आठवते. मला वाटायचं, वास घेते आहे.

आता चाळीस चक्रं झाली आहेत. चिऊला अजून दाखवलेली नाहीत. तिला सांगितलंय, मावशी शिकवतेय, तू या खोलीत यायचं नाहीस. ती दाराबाहेरून ओरडून विचारते, "बाबा, कात्री लागली का?"

पुढचं पाठव.

भाऊजी


२४ जानेवारी

भाऊजी,

चाळीस! तुम्ही चार म्हणाल असं वाटलं होतं. शाबास. उत्तराला उशीर झाला कारण घरात जरा युद्ध झालं. यांचा दवाखान्यातला बारीक चिमटा हरवला होता आणि तो माझ्या शिवणाच्या डब्यात सापडला. मी म्हटलं, भुवया कोरत होते. यांनी माझ्या भुवयांकडे बघितलं आणि चिमटा उकळायला ठेवला.

तुमच्याकडे दिवस कमी आहेत म्हणून माझी अट मीच मोडते आणि दोन धडे एकत्र देते. जाळीची माळ सोपी आहे. लांब पट्टी उभी दुमडायची, एकदा उजवीकडून कापायचं, एकदा डावीकडून, पण पलीकडच्या कडेपर्यंत जायचं नाही, बोटभर आधी थांबायचं. उलगडून हलकेच ताणलं की पट्टीची जाळी होते. ताई ही माळ ताणताना श्वास रोखून धरायची.

दुसरा धडा म्हणजे ताईचा हुकमी एक्का, गोळा. पतंगी कागदाची साठ पानं घ्या. प्रत्येक पानावर खळीच्या बारीक रेघा मारायच्या, दोन-दोन बोटं अंतर सोडून, आणि पान पानावर ठेवत जायचं. वाळलं की त्या थप्पीतून अर्धा गोल कापायचा. दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावायचा, सरळ कड दोऱ्याने शिवायची आणि दोन पुठ्ठे धरून पुस्तकासारखं उघडत पार मागे न्यायचं. सगळी पानं फुलतात आणि भरगच्च गोळा तयार होतो. काही अवघड नाही.

ताई गेली त्यानंतर तुम्ही इतकं मोठं पत्र कुणाला लिहिलं होतं का? मला आलेलं हे पहिलंच.

धाकटी


३१ जानेवारी

धाकटे,

माळा झाल्या. चौदा आहेत. एक ताणताना मीही श्वास धरला आणि खोकला आला. ती तुटली.

गोळ्याचं मात्र घोडं पेंड खातंय. तुझ्या सांगण्यात चूक नाही आणि माझ्या करण्यातही नाही, तरी गोळा होत नाही. साठ पानं घेतली. रेघा पट्टीने आखल्या. आमच्या धंद्यात रंगावर रंग छापताना रेघेवर रेघ बसली पाहिजे, केसाएवढी सरकली तर मालक पूर्ण गठ्ठा फेकून द्यायचा. मी ती शिस्त सोडली नाही. साठही पानांवर रेघेवर रेघ. टाचणी टोचून तपासलं, टाचणी आरपार रेघेतूनच गेली. असं काम हल्ली कुणी करत नाही. मला स्वतःलाच बरं वाटलं.

मग उघडायला गेलो तर ते उघडेना. नखाने, सुरीने, विनवण्या करून, काहीही करून उघडेना. साठ पानांची एक वीट झाली आहे. दुसरा केला, तोही वीटच. तिसऱ्याची खळ पातळ केली, त्याचीही वीट. चिऊ बाहेरून ओरडली, "बाबा, आत काय बांधकाम चाललंय?"

तीच म्हणते, बाकी काही नसलं तरी चालेल, पण मधल्या तुळईला आईचा मोठा गोळा हवा. लहान असताना ती त्याच्याखाली उभी राहून वर बघायची आणि चक्कर येईपर्यंत गोल गोल फिरायची. तेवढं एक तिला परत हवं आहे. ते मला देता आलं नाही तर या पन्नास-साठ चक्रांचा काही उपयोग नाही.

तू तुझा एक गोळा समोर घेऊन नीट बघ आणि काय चुकतंय ते लिही.

भाऊजी


७ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र नाही. आजारी आहेस का? पंधरा दिवस उरले. वीट क्रमांक पाच झाली.

भाऊजी


९ फेब्रुवारी

भाऊजी,

आजारी नाही. तुमचं कार्ड आत्ताच आलं.

रेघेवर रेघ नको. चूक माझी, मी अर्धंच लिहिलं. पहिल्या पानावर रेघा मारल्या की दुसऱ्या पानावरच्या रेघा त्या दोन रेघांच्या बरोबर मधोमध पडल्या पाहिजेत. तिसऱ्याच्या परत पहिल्यासारख्या. चौथ्याच्या मधोमध. असं साठपर्यंत. रेघेवर रेघ आली की सगळी पानं एकाच जागी जखडली जातात. मधोमध आली की प्रत्येक पानाला हलायला जागा उरते आणि तिथेच ते फुलतं. दोन रेघांमधलं अंतर सव्वा इंच, मधली रेघ पाच अष्टमांशावर. तुम्हाला आवडतं तसं माप दिलंय, बघा. रेघ बारीक हवी, खळ दाट हवी. पान ठेवल्यावर दाबायचं नाही, नुसती फुंकर मारायची.

हे मला कसं कळलं ते विचारू नका. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या बाईला कधीतरी खाली उतरावं लागतं.

मी वीसला येते. शिडी धरायला.

धाकटी


१५ फेब्रुवारी

धाकटे,

उघडला.

सकाळी अकरा वाजता उघडला. दोन पुठ्ठे धरले आणि हळूहळू मागे नेले. आधी कागद चरचरला. मला वाटलं, झाली सहावी वीट. मग एकेक घर मोकळं व्हायला लागलं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि माझ्या हातात एवढा मोठा गोळा आला. मी खुर्चीवर बसलो. चाळीस वर्षांत मी कित्येक टन कागद कापला असेन, पण कागद असं काही करू शकतो हे मला माहीत नव्हतं. आणि हे माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, मी पेपर वाचत बसलेलो असताना तीस वर्षं चाललं होतं. ती म्हणायची, "अहो, बघा ना जरा." मी म्हणायचो, "छान आहे." पेपर खाली न घेता.

रडलो. तुला सांगायला काही हरकत नाही.

तुझी ताई फार मोठी कारागीर होती, धाकटे. हे मी आता नवरा म्हणून नाही, कागदातला माणूस म्हणून सांगतोय.

ये लवकर.

भाऊजी


२ मार्च

भाऊजी,

सुखरूप पोचले. हे सगळं मला तिथे हॉलमध्येच सांगायचं होतं, पण तुम्ही दोन दिवस शिडीवरून खाली उतरला नाहीत आणि वर तोंड करून असं काही सांगता येत नाही. झाकली मूठ झाकलीच ठेवावी असंही वाटलं. पण घरी आल्यापासून झोप नाही.

मला यातलं काही येत नव्हतं. एक चक्रही मी आयुष्यात केलेलं नाही. लहानपणी ताई करायची आणि मी खळ ढवळायची. मला कात्री द्यायची नाही असा घरचा कायदा होता, कारण मी एकदा पडदा कापला होता. तुमचं पत्र आलं तेव्हा मला 'नाही येत' म्हणता आलं असतं. पण चिऊला आईचं हवं आहे, असं तुम्ही लिहिलंत आणि माझ्या हातून 'शिकवते की' लिहिलं गेलं.

माझ्याकडे ताईच्या नऊ वस्तू होत्या. माझ्या मुलांच्या वाढदिवसांना तिने पोस्टाने पाठवलेल्या, मी दर वर्षी परत मिटून ठेवलेल्या. तुम्हाला पाठवलेला नमुना त्यातलाच. बाकीच्या मी एकेक करून उसवल्या. चक्राचा दोरा काढला, माळेच्या घड्या मोजल्या आणि परत दुमडताना ती फाटली. यांचा चिमटा त्यासाठीच होता. गोळा बाहेरून बघून मला वाटलं, कळला. म्हणून तुम्हाला अर्धवट लिहिलं. तुमच्या विटांचं वाचलं तेव्हा लक्षात आलं की आत शिरल्याशिवाय गत्यंतर नाही. चार दिवस त्या गोळ्याभोवती नुसती फिरत होते. माझ्याकडचा तो एकच. पाचव्या दिवशी यांना दवाखाना बंद करायला लावला, आणि त्यांनी त्या मोठ्या दिव्याखाली, दाताला हात लावतात तितक्या हळू, एकेक पान सोडवून दिलं. मी बाजूला बसून मापं लिहीत होते.

भाऊजी, तुम्हाला आवडेल असं एक सांगते. साठांतलं एक पान ताईकडून चुकलं होतं. रेघा भलत्याच जागी. तिने ते काढून टाकलं नव्हतं. पुढची तीन पानं थोडी थोडी सरकवत नेऊन तिने ती चूक पोटात घेतली होती. कुणाला कधी कळलंही नसतं. हे म्हणाले, "तुझ्या बहिणीचा हात माझ्यापेक्षा हलका होता." ते असं कुणाबद्दल म्हणत नाहीत.

मी त्या वस्तू तशाच तुम्हाला का पाठवल्या नाहीत, असं तुम्ही विचाराल. मला त्या द्यायच्या नव्हत्या. उसवल्या तरी तुकडे माझ्याकडेच राहतील, असा हिशोब मी मनात केला. क्षुद्रपणा आहे, पण खरं आहे. आता एका खोक्यात कागद आणि दोरे आहेत, आणि सबंध असं काहीच नाही.

पण हॉलमध्ये दोनशे माणसं मान वर करून उभी होती. एक आजी आपल्या नातीला म्हणाली, "असं बाजारात मिळत नाही हं." मी मधेच बोलले, "आमच्या भाऊजींनी केलंय." माझ्या आवाजात इतका गर्व होता की ती आजी दोन पावलं मागे सरकली.

रागवायचं असेल तर रागवा. पण लिहा.

धाकटी


९ मार्च

धाकटे,

मला माहीत होतं.

पहिल्याच नमुन्यापासून. तो फिकट हिरवा कागद औषधांच्या लेबलांचा आहे. तो बनवणारी गिरणी बंद होऊन सोळा वर्षं झाली. आणि त्याच्या कडेला एक बारीक ओरखडा आहे. आमच्या मशीनच्या पात्याला त्या साली खाच पडली होती, मी मालकाला सांगून दमलो होतो. म्हणजे तो कागद मीच कापलेला, मीच घरी आणलेला आणि तुझ्या ताईने दुमडलेला. तू कालच केलास म्हणालीस तेव्हा मला हसू आलं. मग लक्षात आलं की पुढची प्रत्येक गोष्ट तू कशी शिकवणार आहेस.

तेव्हाच तुला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. उलट 'पुढचं पाठव' म्हणालो, 'गोळा समोर घेऊन बघ' म्हणालो. तुझ्याकडे तो एकच असेल हे ओळखून म्हणालो. चिऊसाठी केलं असं म्हणता येईल, पण ते अर्धंच खरं आहे. तुझी ताई टेबलाशी बसून काय करायची ते मला शिकायचं होतं. तीस वर्षांत बघितलं नाही ते मला बघायचं होतं, आणि त्यासाठी तुझं मोडलं. क्षुद्रपणाचं म्हणशील तर आपण दोघं सारखेच. रागवायचा हक्क तुझा आहे, माझा नाही.

ते खोकं घेऊन ये. तेच कागद, तेच दोरे. मी जोडून देतो. चुकलेलं पान चुकलेल्याच जागी लावीन आणि पुढची तीन तिने सरकवली तेवढीच सरकवीन. मापं लिहून ठेवलीस हे फार शहाणपणाचं केलंस.

आता तू बघितलं नाहीस ते सांगतो. लग्नाच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी, चिऊ हॉलमध्ये आली. तू तेव्हा मागे फुलांच्या टोपल्या उतरवून घेत होतीस. ती सरळ मधल्या तुळईखाली गेली आणि वर बघत उभी राहिली. मी म्हणालो, "मावशीच्या मापाने केलाय. अगदी आईचा आहे."

ती म्हणाली, "नाही बाबा. हा आईचा नाहीये."

दीड महिना ज्यासाठी बसलो होतो, तेच नेमकं जमलं नव्हतं.

"आईच्या गोळ्याला एका बाजूला पोट असायचं," ती म्हणाली. "बोलता बोलता चिकटवायची ना ती. हा सगळीकडून सारखा आहे. इतका सारखा गोळा अख्ख्या जगात एकच माणूस करेल." आणि मग तिने माझे हात हातात घेऊन उलटे-सुलटे करून बघितले. नखांत खळ होती. म्हणाली, "मला आईचं हवं होतं. हे मला मागताच आलं नसतं."

धाकटे, कटिंगवाल्याचं काम बरोबर झालं तर ते कुणाला दिसत नाही. चुकलं तरच दिसतं. लग्नपत्रिका हातात घेऊन 'काय सुंदर कापलीय' असं आजवर कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. माझं काम बघून 'हे तुमचं' म्हणणारी ती पहिली. पासष्टाव्या वर्षी.

चिऊ सासरी गेल्यावर घर फार शांत झालं. ते मी तुला सांगणार नव्हतो, पण आता लपवाछपवी पुरे.

काल संध्याकाळी दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या, हातात गुलाबी कागदाची गुंडाळी. सुनेला मुलगी झाली म्हणाल्या, रविवारी घरी आणायची आहे, खोलीत काहीतरी लावायचं होतं. या दारावर अशी माणसं तीस वर्षं यायची. मी सवयीने आत वळलो, तुझ्या ताईला हाक मारायला. तोंडही उघडलं. मग लक्षात आलं, बाई माझ्याकडेच बघतायत.

म्हटलं, "या, बसा. जाळी हवी की गोळा?"

भाऊजी